थेंबभर तूप

बसच्या पायरीवर चढताना भारतीबाईंचा उजवा गुडघा कुरकुरायचा आणि उतरताना डावा. दोघांनी आपसात काम वाटून घेतलंय, असं त्या म्हणायच्या. सुलतान बाजारामागच्या गल्लीतून निघायचं, कोठीला बस धरायची, आधार कार्ड दाखवून बायकांना मिळणारं फुकटचं, शून्याचं तिकीट घ्यायचं, दिलसुखनगरला उतरायचं आणि कोचिंग क्लासच्या पोरापोरींच्या लोंढ्यातून वाट काढत सुप्रियाच्या घराचे दोन जिने चढायचे. लिफ्ट होती, पण ती बहुतेक बंदच असे.

अठ्ठावन्न वर्षांतली तीस बाईंनी लोकांच्या ओट्यापुढे उभं राहून काढली होती. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात चार बहिणी, मराठी शाळेतली दहावी आणि पाठोपाठ लग्न. नवरा दत्तात्रय कापडाच्या दुकानात चिठ्ठ्या लिहायला होता. काचबिंदूनं त्याची नजर गेली तशी नोकरीही गेली, आणि घर चालवायचं काम बाईंच्या हातांवर आलं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तीन घरचा स्वयंपाक होता. एका घरचे आजोबा मुलाकडे परदेशी गेले, दुसऱ्या घरात सून आली आणि तिनं बाईंना पहिल्या महिन्यातच निरोपाचा नमस्कार केला. राहिलं ते सुप्रियाचं घर.

सुप्रिया आणि योगेश मूळचे पुण्याचे. आधी कुकटपल्लीला मोठ्या फ्लॅटमध्ये राहत. योगेशच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो निघाला, आणि भाडं झेपेना म्हणून सात महिन्यांपूर्वी दोघं दिलसुखनगरच्या या जुन्या इमारतीत आली. सुप्रियाची नोकरी होती, पण ऑफिस दूर. म्हणून बाई लागल्या. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, "मावशी, आम्ही सहा वर्षांपासून व्हीगन आहोत. म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जनावराकडून काही घ्यायचं नाही, एवढंच."

बाई "हौ" म्हणाल्या. त्यांच्या "हौ"ला सुप्रिया हसली. पुण्यात असं कुणी म्हणत नाही म्हणे.

तर एका सकाळी बाई भाकरीचं पीठ मळत असताना सुप्रिया आत आली आणि म्हणाली, "मावशी, जरा बसा ना."

स्वयंपाकाच्या बाईला कुणी बसा म्हणालं की पुढे काय येतं, ते बाईंना ठाऊक होतं. त्या बसल्या नाहीत. पिठाचे हात तसेच परातीत ठेवून म्हणाल्या, "बोला, ऐकू येतं मला."

"योगेशचं अजून कुठे जमत नाहीये. बदामाचं दूध, टोफू, ते सगळं बंद केलंय, तरी किराणा आवाक्यात येत नाही. पुढच्या महिन्यापासून स्वयंपाक मीच करीन म्हणते." सुप्रिया फ्रिजच्या दाराशी उगाच चाळा करत होती. "आणि खरं सांगू का, हे व्हीगनसुद्धा टिकतंय की नाही कोण जाणे. आई रोज फोनवर म्हणते, पैसा होता तोवर ठीक होते हे चोचले, आता गुपचूप दूध प्या."

बाईंनी पीठ एकदा उलटंपालटं केलं. घरी जाऊन दत्तात्रयाला काय सांगायचं, ते त्यांना सुचेना. मग सुचलं ते भलतंच.

"किराण्याला किती देऊ शकता, तेवढं माझ्या हाती द्या. एक महिना. बाजार मी आणते. महिना भरला की पाहा, आणि मग मला सोडायचं तर सोडा."

"एवढ्यात व्हीगन जमेल, मावशी?"

"आमच्या घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे हेच खायचे. त्याला नाव नव्हतं, एवढंच."

बाहेरच्या खोलीतून योगेश ओरडला, "सुप्रिया, ऐकलंस? आपण सहा वर्षं महिनाअखेर खातोय!"

त्या दिवसापासून बाईंच्या वाटेत रैतू बाजार, म्हणजे शेतकऱ्यांचा भाजीबाजार, आला. उन्हं वर यायच्या आत भाजी घ्यायची, तीही ढीग लावून विकायला बसलेल्या बाईकडून, प्लास्टिकच्या खोक्यातली नाही. अंबाडीची जुडी, तिला तिथे पुंटिकूर म्हणतात; ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी दिली की दोन वेळा पुरते. चिंचेचा कोवळा पाला, चिगूर, मिळाला तर वरणात. शिजलेल्या कुळथाच्या पाण्याचा कट केला आणि उरलेल्या कुळथाची उसळ. बदामाच्या दुधाची जागा शेंगदाण्यांनी घेतली: भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. चोथा फेकायचा नाही, त्यात तिखटमीठ घालून थालीपीठ. योगेशनं शेंगदाण्याच्या दुधाचा चहा पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतला, दुसऱ्या दिवशी उघडून घेतला, आणि आठवड्याभरानं स्वतःच शेंगदाणे भिजत घालायला लागला.

"मावशी, तुम्ही कंपनी चालवायला हवी होती," तो म्हणे.

"कंपनी चालवली असती तर तुम्हालाच आधी काढलं असतं. चार वेळा चहा लागतो."

असं चाललं होतं. पण हसून बोलल्यानं अंग दुखायचं थांबत नाही. पाटा नव्हता, मिक्सर लहान होता, पिळून पिळून बाईंची मनगटं सुजायची. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की डोळे मिटत आणि दोनदा तर त्या स्टॉप सोडून पुढे गेल्या. वळून चालत येताना मनात नाम चालू ठेवायच्या, म्हणजे रस्ता कमी वाटतो. तेवढा एकच देव त्यांना परवडत होता, चालता चालता घ्यायचा.

आता जी गोष्ट सांगायची ती या सगळ्यात कुठेच दिसत नव्हती.

बाईंच्या कमरेच्या पिशवीत एक पितळी करंडा असे. कुंकवाचाच, आईचा. त्यात तूप. घरी अर्धा लिटर दूध येई, त्याची साय आठ दिवस साठवून कढवली की वाटीभर तूप निघे. दत्तात्रयाच्या भाताला पुरवून पुरवून वापरायचं. त्यातलंच थोडं या करंड्यात. सुप्रियाच्या घरी कुकर उघडला, भाताची वाफ वर आली, की बाई त्यावर करंड्यातला एक थेंब सोडत आणि ओठांतल्या ओठांत म्हणत, "अन्नशुद्धी." तूप पडल्याशिवाय भाताचं अन्न होत नाही, असं आईनं शिकवलेलं. तीस वर्षं त्यांनी ज्यांच्या घरी भात शिजवला, त्यांच्या घरी तो थेंब पडला. पानं वाढायला त्या थांबत नसत, म्हणून कुकरातच. बाकीच्यांच्या घरी तुपाचे डबे असत. इथे नव्हता, म्हणून तूप घरून आणलं. स्वतःच्या वाटीतलं.

सुप्रियानं तूप नाही म्हणून सांगितलं होतं, हे बाई विसरल्या नव्हत्या. पण त्यांची आई चातुर्मास करायची. भाद्रपदात दही सोडायची, आश्विनात दूध. महिनाभर चहासुद्धा काळा. तूप मात्र कधीच सुटलं नव्हतं. दूध सोडलं म्हणून तूप सुटत नाही, ते देवाचं, असं बाईंच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि थेंब तो केवढा! त्याला खाणं म्हणायचं का? अक्षता डोक्यावर पडल्या म्हणून कुणी भात खाल्ला म्हणत नाही. तरीही सुप्रिया स्वयंपाकघरात असली की बाई पाठमोऱ्या होऊन करंडा उघडायच्या. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

महिना भरला. त्या दिवशी सुप्रियाला सुट्टी होती. बाईंनी कुळथाचा कट, भात आणि अंबाडी करून ओटा पुसला. आज सोडतील की ठेवतील, याच विचारात एकच जागा तीनदा पुसली गेली. योगेश पान घेऊन बसलाही होता. सुप्रिया ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिचा चेहरा बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता तसा हलका झालेला होता.

"मावशी, तुम्ही जायचं नाही. दुसरं काही कमी करू आम्ही. किराणा पुरला, वर थोडा उरला. काल मी आईला ठणकावून सांगितलं, सहा वर्षांत आम्ही एकदाही मोडलेलं नाही, आणि आता मावशी आहेत, मोडणारही नाही."

काम राहिलं. बाईंनी मनात हात जोडले. पण ते जोडलेले हात तसेच अडकले. एकदाही मोडलेलं नाही.

त्यांना आईचा एक आश्विन आठवला. आत्यानं गंमत म्हणून आईच्या काळ्या चहात दुधाचा थेंब सोडला होता आणि मग हसत सांगितलं होतं. आईनं कप खाली ठेवला. उठली, मागच्या दारी जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत पाणीही प्यायली नाही. मुली भोवती उभ्या होत्या. सगळ्यांत धाकटी भारती.

सुप्रियाचा नेम देवासाठी नव्हता, कुठल्याशा गोठ्यातल्या गाईसाठी होता. पण नेम तो नेम. हे तीस वर्षं अन्नावर शुद्धी सोडणाऱ्या बाईला आज कळत होतं.

"मोडलाय," बाई म्हणाल्या.

"काय?"

बाईंनी कमरेची पिशवी उघडून करंडा ओट्यावर ठेवला. "तूप आहे. मी रोज भातावर एक थेंब टाकते. अन्नशुद्धीचा. तुमच्या घरी पहिल्या दिवसापासून."

सुप्रियानं करंडा उघडला, वास घेतला आणि परत मिटला. "आठ महिने?"

"हौ."

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी तूप नाही म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलंत. मला ते खाण्यातलं वाटलंच नाही, ताई."

"मग लपवून का टाकायचात?"

हे एवढंच त्यांनी आठ महिन्यांत स्वतःला विचारलं नव्हतं, आणि ते नेमकं हिनं विचारलं.

योगेश घास हातात धरून म्हणाला, "तरीच भात असा लागत होता."

"तू हसू नकोस," सुप्रिया त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते कळत नव्हतं. "विचारायचं होतंत मावशी. नुसतं विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारायचं असतं ना!"

बाईंनी करंडा उचलून पिशवीत ठेवला. सुप्रिया म्हणाली, दोन दिवस येऊ नका, मला विचार करू दे. जिना उतरताना बाईंचे दोन्ही गुडघे एकदम कुरकुरले.

घरी दत्तात्रयानं सगळं ऐकून घेतलं. "मग गप्प का नाही बसलीस? काम तर राहिलं होतं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"आईचा चहा आठवला," बाई म्हणाल्या आणि दिव्याची वात सारखी करायला उठल्या. त्या दोन दिवसांत त्यांनी पोथी उघडली, पण चार ओळींच्या पुढे लक्ष लागलं नाही. शेजारच्या मीनानं दुसरं एक घर सांगितलं, थेट दिलसुखनगरच्याही पलीकडे, तीन जिने. बाई बघू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मावशी, सोमवारी या. पण करंडा आणायचा नाही. आणि भात होईपर्यंत मी ओट्याजवळ थांबणार. थोडे दिवस. राग मानू नका."

"नाही मानत," बाई म्हणाल्या. राग नव्हताच. पण तीस वर्षांत त्यांच्या पाठीशी पहाऱ्याला कुणी उभं राहिलं नव्हतं. तिखट, मीठ, साखर, दागिनेसुद्धा लोक उघडे टाकून जात.

सोमवारी सुप्रिया खरंच उभी राहिली, चहाचा कप घेऊन. कुकरची वाफ गेली. बाईंनी झाकण काढलं आणि त्यांचा हात आपसूक कमरेकडे गेला. तिथे पिशवी होती, आत नुसतं आधार कार्ड. हात तसाच माघारी आला. भात पांढराफटक दिसत होता. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?" सुप्रियानं विचारलं.

"काही नाही. म्हणायची सवय आहे."

सुप्रियानं कप ओट्यावर ठेवला. "म्हणत जा की मग. म्हणायला माझी ना नाही."

बाईंनी मान हलवली आणि झाकण लावलं. नुसत्या म्हणण्यानं भागतं का, ते त्यांना माहीत नव्हतं. ज्याचं नाम घ्यायच्या त्यालाच त्यांनी बसमध्ये उभ्याउभ्या विचारलं; जागा मिळाली नव्हती. चादरघाटचा पूल ओलांडेपर्यंत त्या विचारत राहिल्या.

दुपारी घरी येऊन त्यांनी दत्तात्रयाचं पान वाढलं. वरण, भात, लिंबाची फोड. त्याचा हात धरून भाताला लावून दाखवला, रोजच्यासारखा. मग करंडा उघडला.

दत्तात्रयानं घास उचलला आणि थांबला. त्याला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं.

"आज दोन थेंब टाकलेस?"

"एक तुमचा," बाई पाय पसरून भिंतीला टेकत म्हणाल्या. "एक त्यांच्या घरचा. जेवा आता."