वायरी सोडण्याआधी

महादेव गेल्याची बातमी आम्हाला स्पीकरवरून कळली. अलिबागला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायच्या एका रिकाम्या शेडमध्ये आमची दौऱ्याची तालीम चालली होती. गाण्यामागे लागणारा समुद्राचा आवाज माझ्या मोबाइलमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे मोबाइल मिक्सरला जोडलेला होता. रिंग वाजली ती दोन्ही स्पीकरमधून, पत्रे थरथरतील अशी. पडद्यावर महादेवचं नाव होतं. ढोलकीवाला उशिरा येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, म्हणून गिटारवाल्या निनादने फोन घेतला आणि ओरडला, "या महाराज! सासुरवाडीला मुक्काम होता काय?" पलीकडून त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज आला. "मी बोलते. हे गेले." इतक्या मोठ्याने अशी बातमी कुणी कुणाला दिली नसेल. शेजारी जाळी शिवत बसलेली माणसंसुद्धा उठून दारात आली.

रात्रपाळी करून तो सकाळी घरी आला, चहा घेतला, "जरा पडतो" म्हणाला आणि उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती. वाद्यं लावताना फोन फ्लाइट मोडवर टाकायचा असतो, हे गाणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी टाकत नाही. का टाकत नाही, ते सांगायला मला लाज वाटते, आणि तेच सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही तिघं म्हणजे बँड, असं म्हणायला मला अजून संकोच वाटतो. मी शाळेत शिकवते आणि स्वतःची गाणी लिहून गाते. निनादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. महादेव रोह्याच्या बाजूला एका कारखान्यात पाळ्या करायचा. मूळचा म्हसळ्याच्या पुढचा, डोंगराखालच्या भातशेतीच्या गावातला. निम्मं गाव मुंबईला असतं आणि गणपतीत परत येतं, त्यातलं ते एक. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला तो कुणाच्या तरी ओळखीने ढोलकी वाजवायला आला, आणि पोरांची दाणादाण उडालेलं गाणं एकट्याच्या हातावर त्याने शेवटापर्यंत ओढून नेलं. तेव्हापासून मी त्याची 'बाई' झाले. मी त्याला अरे-तुरे करायचे, तो मला अहो-जाहो. वयाने तो मोठा होता. हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नाही, यातच सगळं आलं.

तो थोर वादक वगैरे नव्हता, हेही सांगायला हवं; मेल्यावर माणसाला उगाच हार घालू नयेत. त्याची लय वाढायची. गाणं बैलगाडीत बसून निघायचं आणि लाल डब्यातून पोचायचं. "म्हादूशेठ, डिझेल जरा कमी टाका," निनाद म्हणायचा. त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "गाणंच उतारावर हाय, त्याला मी काय करू?" हट्टी होता, तंबाखू सुटत नव्हती, आणि दुसऱ्या कुणी ढोलकी चांगली वाजवली की दोन दिवस गप्प असायचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पहिला दौरा काढला. दौरा म्हणायचा तो आपल्या मनाने. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. फोन करकरून आम्हीच स्वतःला बोलावून घेतलं होतं. निनादच्या आतेभावाची मासळीची व्हॅन मिळाली. तीनदा धुतली तरी बोंबलांचा वास गेला नाही, माझी तंबोऱ्याची पेटी आजही उघडली की बाजार आठवतो. मुरूडला पहिला कार्यक्रम झाला, मग राजपुरीची खाडी गाडीसकट बोटीने ओलांडून दिघीला आणि तिथून बोर्ली पंचतनला. खाऱ्या हवेने ढोलकीचं पान, म्हणजे चामडं, सैल पडायचं, म्हणून गाडी थांबली रे थांबली की महादेव ढोलकी गरम बॉनेटवर नेऊन ठेवायचा आणि शेजारी राखण करत उभा राहायचा. जाणारे-येणारे विचारायचे, काय शिजतंय?

बोर्लीला आमची फजिती झाली. आमचा नियम होता, गायची ती आपलीच गाणी. लोकांचाही नियम होता, ऐकायचं ते ओळखीचंच. दोन गाण्यांनंतर माणसं उठायला लागली. तेवढ्यात महादेवने मला न विचारता त्यांच्या गणपतीतल्या नाचाचा ठेका धरला आणि माझं अगदी हळवं, मिठागरावरचं गाणं त्यावर बसवून टाकलं. माणसं परत आली, नाचलीसुद्धा. मी गाडीत बसेपर्यंत धुमसत होते. "माझ्या गाण्याचा हळदीतला नाच केलास तू!" म्हटलं. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "गाणं तुमचंच हाय बाई. पाय त्यांचं हायत." मी रुसून बसले, आणि पुढच्या गावी त्याच ठेक्यावर तेच गाणं मुकाट्याने गायले.

शेवटचा मुक्काम त्याच्या गावात होता. खरं तर सगळा दौराच त्याने त्या एका दिवसासाठी जुळवला होता. गावात धर्माबुवा होते. त्यांनी त्याला लहानपणी मांडीवर बसवून ढोलकी शिकवली होती. बुवा अंथरुणाला खिळले होते. म्हादू शहरातल्या माणसांबरोबर कसलीतरी भलतीच गाणी वाजवतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलं नव्हतं. "एकदा ऐकू देत. खाटंसकट खाली आणतो त्यांना," महादेव सारखं म्हणायचा. गावाने हो म्हणावं याची त्याला एखाद्या पोरासारखी आस लागली होती.

पण त्याआधीच्या मुक्कामानंतर त्याची रजा संपली. कामावर जाऊन तो मोटारसायकलने परस्पर गावी येणार होता. निघताना व्हॅनच्या खिडकीत वाकून त्याने मला बजावलं, "बाई, गेल्या गेल्या देवळात नारळ ठेवा. कोण दिसंल त्याला इचारा, गावात काय कमी-जास्त न्हाय ना. मंग वायरी सोडा." कमी-जास्त म्हणजे मयत. गावात प्रेत असलं की ते उठेपर्यंत भजनाचे टाळ-मृदंग सोडून दुसरं वाद्य वाजत नाही. लग्नाचा बँड असला तरी थांबतो. हे काही मला नवीन नव्हतं. "हो रे, माहीत आहे," म्हटलं मी. नारळही त्यानेच आणून दिला होता.

श्रीवर्धनला जेवायला थांबलो आणि सुरमईच्या नादात उशीर झाला. गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पारावर कुणी नाही, देवळात कुणी नाही. गाव इतकं गप्प का, हा प्रश्न दोन शहाण्या माणसांना पडायला हरकत नव्हती. मला वाटलं, माणसं शेतावर असतील. नारळ स्पीकरच्या खोक्याखाली दबला होता. म्हटलं, नंतर ठेवू. विचारायचं कुणाला, कुणी दिसतच नव्हतं, आणि दिसेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. निनादने वायरी सोडून स्पीकर जोडले. मध्येच फोन वाजून स्पीकर कोकलू नये म्हणून मी दोघांचेही मोबाइल फ्लाइट मोडवर टाकले. मग हॅलो हॅलो, चेक चेक सुरू झालं. आवाज छान लागला होता, डोंगरावरून घुमून परत येत होता. त्या खुशीत मी सगळ्यात नाचरं गाणं उचललं आणि पुरं गायले.

वरच्या वाडीतून एक माणूस खाली आला. धावत नव्हता, ओरडला नाही. येऊन त्याने स्पीकरवर नुसता हात ठेवला. "बंद करा. वर बुवा गेलेत."

निनादने प्लग ओढला. आवाज थांबला आणि तेव्हा पहिल्यांदा आम्हाला वरून टाळ ऐकू आले. म्हणजे ते केव्हापासून वाजत होते...

महादेव वाटेत असतानाच त्याला कळलं होतं. तो जागोजागी थांबून आम्हाला फोन लावत होता, आणि आमचे फोन विमानात बसले होते. तो आला तो आमच्याकडे न बघता थेट वर गेला. सगळं आटोपल्यावर जाणती माणसं पारावर जमली. आम्हाला बोलावलं. कुणी आवाज चढवला नाही, एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "म्हादू, तुझी माणसं. त्यांना सांगितलं नव्हतंस काय?"

"न्हाय," महादेव म्हणाला. "मीच सांगितलं न्हाय. त्यांना कसं ठाव असंल? चूक माझी हाय."

मी त्याच्या शेजारी उभी होते. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. खोटं बोलतोय तो, त्याने सांगितलं होतं, माझंच चुकलं... एवढं बोलायला कितीसा दम लागतो? चार तास माइकपुढे न थकता गाणारी बाई मी. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. मनात चक्क सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहूनच टाकते. परत जाताना तो फक्त इतकं म्हणाला, "बाई, गाडीतला नारळ तेवढा देवळात ठेवून या." मी ठेवून आले.

पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. मलाही ते सोयीचं होतं. फक्त पुढच्या दौऱ्यापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. गाडी गावात शिरली की ढोलकी बॉनेटवर ठेवायच्या आधी तो उतरायचा, पहिल्या दिसेल त्या दुकानात किंवा घरात जायचा आणि विचारून यायचा. तो परत येऊन मान हलवेपर्यंत निनाद वायरीला हात लावत नसे. आम्ही थट्टा करायचो. निनाद त्याला 'चौकशी अधिकारी' म्हणायचा. तोही हसायचा. आणि मी मनाची समजूत घालून घेतली, की गडी विसरलाय.

गेल्या महिन्यात त्याच्या दिवसकार्याला त्या गावी गेलो. सुनंदावहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "बुवा गेले त्या वर्षी गणपतीत नाचाची ढोलकी ह्यांच्याकडनं काढून घेतली होती ना... लई लागलं ह्यांना." मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या गणपतीनंतर आम्ही विचारलं होतं, काय म्हादूशेठ, किती रात्री नाचवलंत गावाला? तो म्हणाला होता, "यंदा ड्युटी लागली." ड्युटी नव्हती. तो गावातच होता. पोराठोरांच्या मागे उभा राहून टाळ्यांनी ठेका देत होता. लहानपणापासून एक वर्ष चुकलं नव्हतं ते त्या वर्षी चुकलं, आणि ते माझ्यामुळे.

मी उठले आणि धर्माबुवांच्या घरी गेले. काकी, म्हणजे बुवांच्या पत्नी, पडवीत तांदूळ पाखडत होत्या. मी बसले आणि तीन वर्षं उशिराने तोंड उघडलं. म्हटलं, काकी, त्या दिवशी महादेवने आम्हाला सांगितलं होतं. नारळ ठेवा, विचारा, सगळं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.

काकींचा सुपावरचा हात थांबला नाही. "ठाव हाय," त्या म्हणाल्या. "आमचा म्हादू इचारल्याबिगर वाजवायला लावंल व्हय?"

"मग त्याची ढोलकी का काढून घेतली?"

"त्येनं चूक अंगावर घेतली. घेतली म्हंजे फेडायला नगो?" मग सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बोलाल म्हून थांबलो व्हतो आम्ही. पारावर तवा समदी तुमच्याच तोंडाकडं बघत व्हती."

काकींनी उठून मला चहा करून दिला, आणि तो मी प्याले. मला तो नको म्हणायचाही हक्क वाटला नाही.

दौरा रद्द करायचा आम्ही ठरवत होतो. वहिनी म्हणाल्या, "जावा. ह्यांनी गावोगाव फोन करून ठेवलेत, माणसं वाट बघतील." म्हणून मागच्या आठवड्यात निघालो, ढोलकीशिवाय. बोर्लीला मैदानाशी गाडी थांबली. निनाद वायरीचं वेटोळं मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. मग माझ्या लक्षात आलं, की आता उतरायची पाळी माझी आहे.

मैदानाच्या कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे. फळीवरच्या छोट्या स्पीकरवर कुठलंसं गाणं जोरात लागलं होतं. मी विचारलं, "दादा, गावात काही कमी-जास्त नाही ना? आम्हाला वाजवायचं होतं."

"आमच्यात कायबी न्हाय, खुशाल वाजवा," दुकानदार म्हणाला. मग माझ्या मागे गाडीकडे डोकावून बघत म्हणाला, "पण तुमचं ते ढोलकीवालं कुठं हायत? दर टायमाला तेच येत्यात इचारायला."

मी म्हटलं, "आमच्यात झालंय."

त्याने हात लांब केला आणि फळीवरचं गाणं बंद केलं.