गोदाकाकूंचा डुरा

संगमेश्वरापासून आत, कातळाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत शब्द चालायचा तो गोदाकाकूंचा, आणि तोही एका खड्ड्याच्या जोरावर. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी खणलेला हा डुरा. पऱ्या आटला की अख्खी वाडी त्यात झिरपणाऱ्या पाण्यावर पावसाळ्यापर्यंत दिवस काढायची. दरवर्षी शिमग्याआधी काकू स्वतः आत उतरून गाळ काढत, तळाशी धुतलेले गोटे मांडत आणि काठावर नारळ ठेवत. कुणी चपला घालून जवळ आलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पाणी करवंटीनेच हंड्यात भरायचं, तेही रांगेने. सरपंचांनाही रांग चुकत नसे.

"आरशासारकं पानी हाय माजं," असं त्या म्हणत, आणि दिसायचंही तसंच.

म्हणून सून भाविका जेव्हा म्हणाली, "आई, आरोहीचं पोट ह्या पाण्यानंच बिघडतंय," तेव्हा काकूंचा पारा चढला. नात चार वर्षांची, आणि वर्षात तिसऱ्यांदा सलाईन लागलेलं.

"माजी पाच पोरां त्याच पान्यावर वाडली! तुज्याच पोरीचं पोट नाजूक."

भाविका पोरीला घेऊन मालगुंडला माहेरी गेली. मुलगा संदेश मुंबईत कामाला. तो फोनवर दोघींचं ऐकून घ्यायचा आणि "बघू" म्हणायचा. असं वर्ष गेलं. काकू ताठच होत्या, पण सकाळी चहा टाकताना हात अजून आरोहीच्या पेल्याकडे जायचा.

मग नळ आला. कातळावर टाकी बसली, दारोदार तोट्या लागल्या. पाणी तपासायला वाडीतली एक बाई हवी होती. पाण्यातलं काकूंइतकं कुणाला कळतंय, म्हणून त्यांनाच देवरुखला शिकायला धाडलं. बोटाएवढी बाटली, आत औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच घट्ट लावून दोन दिवस ठेवायचं. काळं झालं तर ते पाणी पिऊ नये, एवढंच शास्त्र.

काकूंनी दोन बाटल्या भरल्या, एक नळाची आणि एक डुऱ्याची. दुसरी कुणी मागितली नव्हती. पण त्यांना तिचा फोटो सुनेला पाठवायचा होता. दोन्ही बाटल्या देव्हाऱ्यात ठेवल्या. डुऱ्याच्या बाटलीला तेवढं हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता बोल म्हनावं!"

तिसऱ्या सकाळी फुलं वाहायला गेल्या, तर नळाची बाटली जशीच्या तशी. डुऱ्याची मात्र डांबरासारखी काळी झाली होती.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी नवी बाटली भरली. दोन दिवसांनी तीही काळी. पऱ्याच्या वरच्या अंगाला वाडीचे गोठे होते. तिथलं पाणी जमिनीतून झिरपत कुठे येतं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

काकूंना काशी आठवली. पाच पोरं वाढली हे खरं होतं, पण झाली होती सहा. तीन वर्षांच्या काशीला एका वैशाखात जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. देवीचा कोप झाला म्हणून गाऱ्हाणं घातलं होतं. पोरीचे ओठ सुकत होते, म्हणून काकूंनी तिला शेवटपर्यंत पाणी पाजलं होतं. डुऱ्याचं, ताजं, करवंटीने.

त्या दिवशी त्या खूप रडल्या. मग डुऱ्याच्या वाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकून आल्या आणि फोन लावला.

"भाविका, तुजंच खरं गो. माजं चुकलं. पोरीला घेऊन ये."

आठवड्याने दोघी आल्या. भाविकाच्या पिशवीत विकतच्या पाण्याची बाटली होती. काकूंनी देव्हाऱ्यातल्या बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या. भाविकाने त्या पाहिल्या, सासूकडे पाहिलं, आणि पिशवी तशीच खुंटीला अडकवली.

"आजी, पाणी," आरोही म्हणाली.

काकूंनी तिचाच पेला नळाखाली धरला. पोर एका दमात प्यायली आणि पेला पुढे करून म्हणाली, "आजून."

काशीही अगदी असंच म्हणायची. काकूंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तोटी पूर्ण सोडली आणि पेला काठोकाठ भरून दिला.