जो खेळत नाही, त्याला काढा

मी निघाले त्या दिवशीही आईने बाजार बुडवला नाही. विमान रात्रीचं होतं. ती पहाटे नेहमीसारखी उत्तनला लिलावाला गेली, टोपली भरली आणि मीरा रोडला शांती नगरच्या बाजारात जाऊन बसली. घरी थांबून निरोप देणं तिला जमणार नव्हतं, म्हणून दुपारी आम्हीच घरून, उत्तनजवळच्या पालीहून, निघताना रिक्षा मीरा रोडला वळवली. रिक्षा माझा धाकटा भाऊ अँथनी चालवत होता. आईसमोर एक गिऱ्हाईक पापलेटाचं पोट दाबून बघत होतं. आई म्हणाली, "देखो, पण दाबू नको. तेरी सासू है क्या?" मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जागा ठेवते तुझी. लवकर ये." आणि लगेच अँथनीवर ओरडली, "रिक्षा मधेच कशाला घातलीस? गिऱ्हाईक अडतंय!"

माझा निरोप समारंभ एवढाच झाला.

जागा म्हणजे बाहेरच्याला दोन फरशा आणि एक लाकडी पाट. शांती नगरच्या इमारतींना नवा रंग लागत होता तेव्हा आईने ती धरली होती. बाजाराच्या पुढाऱ्याशी भांडून, शेजारच्या भाजीवाल्याशी भांडून धरली होती. आमच्या बायकांत याला कागद लागत नाही. आई उठली की तिथे तिची मुलगी किंवा सून बसते आणि सगळा बाजार ते मानतो. मुलाचा तिथे संबंध नाही. अँथनीची बायको शाळेत शिकवते, मासळीला हात लावत नाही. म्हणजे ती जागा माझी होती. नवऱ्याला न्यूझीलंडला काम मिळालं म्हणून मी उठून गेले, जागा सोडून नाही गेले. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. त्यातले निम्मे पालीत बसलेत आणि निम्मे माझ्यासारखे परदेशात.

इथे दक्षिणेकडच्या एका लहान बंदरगावात मी आधी मासळीच्या कारखान्यात काटे काढले. मग फिश अँड चिप्सचं एक दुकान विकायला निघालं. म्हाताऱ्या मालकाने आकडा सांगितला तेव्हा मी हसले आणि पिशवी उचलून चालायला लागले. तो रस्त्यापर्यंत मागे आला. इथली माणसं घासाघीस करत नाहीत असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. करतात. त्यांना फक्त कुणी शिकवलेलं नसतं. शेवटी तो माझ्या आकड्यावर आला, पण एक अट घातली: दुकानातल्या गिऱ्हाइकांची रग्बीची फँटसी लीग बंद करायची नाही, आणि नव्या मालकिणीने खेळायचं.

रग्बी म्हणजे मला चिखलात मारामारी वाटायची. पण खेळ समजला तेव्हा मी मनातल्या मनात हसले. सगळ्यांना सारखेच खोटे पैसे मिळतात, त्याला सॅलरी कॅप म्हणतात. त्यात खऱ्या खेळाडूंची अख्खी टीम विकत घ्यायची. प्रत्येकाला भाव. शनिवार-रविवारी तो खरोखर मैदानात जसा खेळेल तसे तुम्हाला गुण, आणि फेरी संपली की त्याचा भाव वर किंवा खाली. पुन्हा अदलाबदल करायची, पण मोजकीच. हा लिलाव मी लहानपणापासून बघत आले होते!

दुकानातले सगळे पहिल्या दिवशी नावाजलेल्या विंगरवर तुटून पडायचे. विंगर म्हणजे कडेने पळणारा. एका आठवड्यात ढीगभर गुण, पुढच्या आठवड्यात बॉलच हातात येत नाही. ही पापलेटं. एक-दोन घ्यावीत, टोपली भरू नये. मी फ्लँकर घ्यायची, जे दर सामन्यात मुकाट्याने माणसं पाडत राहतात आणि दर सामन्यात गुण देतात. ते माझे बोंबील, रोज खपणारे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी राखीव पोरांवर डोळा ठेवायची. मोठा खेळाडू दुखावला की त्याच्या जागी कवडीमोल भावाचा कुणीतरी उतरतो. त्याला पहिल्याच आठवड्यात उचलायचं, भाव चढला की विकायचं आणि त्या पैशात पापलेट आणायचं. अदलाबदल शेवटासाठी राखून ठेवायची, कारण शेवटी सगळ्यांचे हात बांधलेले असतात. आई लिलावात असंच करायची. शेवटच्या बोटीपर्यंत थांबायची, बाकीच्यांची कनवट रिकामी होईपर्यंत.

दुसऱ्या वर्षी दुकानाची लीग मी जिंकली. म्हातारा मालक म्हणाला, नशीब. मी त्याला त्या दिवशी चिप्स मोजून दिल्या.

मग अँथनीने फोनवर हे सगळं ऐकून आपली लीग काढली. पालीचे, उत्तनचे, भाईंदरच्या खारीला भाड्याने राहायला गेलेले, कुवेतला असलेले, सगळे त्यात. रग्बीचं मैदान कुणी डोळ्याने पाहिलेलं नव्हतं. अँथनी पहिल्या वर्षी तळाला राहिला. त्याच्या टीममध्ये एक नामांकित खेळाडू पाय मोडून कधीचा पडून होता, आणि हा त्याला सोडेना. "एवढा मोठा प्लेअर हाय गं, येईल ना परत." मी चिडले. "तो बसून तुझे पैसे खातोय! जो खेळत नाही, त्याला काढ. माया लावायला तो तुझा जावई आहे?" त्याने काढला. त्या वर्षीपासून तो वर यायला लागला, आणि हे वाक्य लीगमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं.

मागच्या नाताळला मी घरी जाणार होते. व्हिडिओ कॉलवर म्हटलं, या वेळी एक सकाळ आईला घरी बसवीन आणि मी शांती नगरला बसेन.  अँथनी म्हणाला, "आईचे गुडघे गेले. पावसाआधीच उठली ती. जागा रोझीमावशीला दिली."

रोझीमावशी आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसणारी. तिला स्वतःची जागा कधीच नव्हती.

"कुणी दिली? मला विचारलं?"

"तुला काय विचारायचं? तू बसणार होतीस का येऊन?"

"ती माझी आहे, अँथनी!"

तेव्हा तो म्हणाला, "जो खेळत न्हाय, त्याला काढ. तूच शिकवलंस ना?"

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानात तळणीपाशी उभा असलेला पोरगा मराठी न कळताच बाहेर जाऊन उभा राहिला. फोनवर त्याच्या मागून आईचा आवाज आला, "त्याला का शिव्या घालतेस? मीच दिली. रोझीने काय आयुष्यभर भिंतीला टेकून बसायचं? आणि तू मोठी शेठाणी, तुला पाटावर बसवून लोक हसतील." जागा ठेवते म्हणाली होती तीच ही बाई. मी फोन ठेवून दिला.

नाताळला गेले तरी. केक खाल्ला, मिस्साला गेले, अँथनीशी फक्त कामापुरतं बोलले. एका सकाळी शांती नगरला गेले आणि आमच्याच जागेसमोर गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. पाट तोच होता. रोझीमावशीने रावस दाखवला, भाव सांगितला. मी निम्म्याने भाव पाडून मागितला, मुद्दाम, भांडण व्हावं म्हणून. ती बाजारातली जुनी बाई, तिने चार शब्द सुनवायला हवे होते. पण तिने रावस साफ केला, पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "तुझ्याकडून पैसे घेऊ काय, बाय? पाहुणी आलीस."

पाहुणी! मी पैसे पाटावर टाकले, तिने सांगितला होता तो पूर्ण भाव, आणि मागे न बघता निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी मासळी घासाघीस न करता घेतली.

इथल्या लोकांनी घर कुठे असं विचारलं की मी पूर्वी मुंबईजवळ म्हणून सोडून द्यायची, पण डोळ्यांपुढे त्या दोन फरशा असायच्या. आता विचारलं की मला राग येतो आणि मी विचारणाऱ्यालाच म्हणते, तुला काय करायचंय.

या मोसमात अँथनी लीगमध्ये माझ्या पुढे आहे. फेरी सुरू झाली की अदलाबदलीला कुलूप लागतं आणि सगळ्यांच्या टीम सगळ्यांना दिसतात. मी त्याची उघडली, कुठे चुकतोय ते बघायला. बेंचवर, राखिवांत, एक हूकर दिसला, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणारा. माझ्या दुकानाच्या मागच्या रस्त्यावर राहणारा, इथला, आमच्या गावचा पोरगा. खांदा निखळून मोसमाच्या सुरुवातीपासून घरी बसलाय. भाव तळाला गेलेला. त्याला विकून अँथनीला तेवढ्याच भावात खेळणारा कुणीतरी मिळाला असता. नाताळनंतर पहिल्यांदाच मी त्याला आपणहून मेसेज केला: "त्याला कशाला ठेवलास, मूर्खा? तो खेळत नाही."

उत्तर लगेच आलं. "राहू दे. तुझ्या गावचा हाय."

माझं अंग पेटलं. मी लिहिलं, "माझं गाव पाली. आणि त्याला आजच्या आज काढ." त्याने मेसेज पाहिला.

राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण आता कुलूप लागलं की मी स्वतःच्या टीमआधी त्याची उघडते आणि सरळ बेंचवर जाते.

परवाही पाहिलं. काढलेला नाही.