बेलाच्या वरची जागा

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे माझा पंजोबा. नेरपासून दोन कोसांवरच्या गावात पहिलं दुकान त्यानं घातलं, असं आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. बरीच वर्षं मीही सांगत होतो. पुढं कळलं की तो नांदेडकडून दोन लादणीच्या बैलांवर मीठ-मिरची घेऊन निघाला होता, त्या गावाशी एक बैल लंगडा झाला आणि पंजोबा तिथंच राहिला. बैल धड असता तर आमचं घराणं कदाचित नागपूरला असतं.

आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसाच पुरतात. पंजोबाची बायको गेली तेव्हा गावात आमचं असं दुसरं घर नव्हतं, त्यामुळे तिला बसवायचं कुठं हा प्रश्न आला. पंजोबानं आपल्या वावरातला उताराचा एक तुकडा त्यासाठी सोडला, तिला तिथं बसवलं आणि वरच्या अंगाला एक बेल लावला. यथावकाश तोही तिच्या शेजारी जाऊन बसला. मग त्यांच्या पुढ्यात मुलगे, सुना, नातवंडं ओळीनं बसत गेली. लहानपणी मला वाटायचं, जमिनीखाली यांची पंगत बसली आहे आणि सगळे वाढप्याची वाट पाहत आहेत.

त्या पंगतीत माझ्या बापाला पान नव्हतं. बाबा धाकटे. दुकान थोरल्या भावाकडे राहिलं आणि बाबा बोरी अरबच्या अलीकडे माझ्या आईच्या गावी घरजावई गेले. घरजावई म्हणजे आमच्याकडे उलट्या दिशेनं दिलेली मुलगी. तो सासरीच मरणार, सासरीच पुरला जाणार. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या लग्नात बाबा भाऊबंदांच्या पंगतीत बसले होते. कोणीतरी त्यांना उठवून पाहुण्यांच्या पंगतीत नेलं. बाबा हसत उठले आणि हसत जेवले. मी शेजारीच होतो. तो बुंदीचा लाडू मला अजून पचलेला नाही.

पुढं मी बोरी अरबच्या बाजारात दोर विकले, छप्पन साली नेरला कापसाच्या दलालीत शिरलो, दोन खोल्या बांधल्या आणि आई-बाबांना घेऊन आलो. माझ्यात दोन गुण होते. मला भाव पाडता येत असे आणि माझं डोकं लवकर फिरत असे. एका वेळी एकच गुण कामाला लागला तर माझा फायदा होई.

साठ-एकसष्टच्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. एक दिवस म्हणाले, "मले आबाजवळ बसवता आलं तं पाहजो. नाई जमलं तं राहू दे. भांडू नको." आबा म्हणजे त्यांचा आजा, आमचा पंजोबा. यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. बाकीच्या दोन्हींकडे माझं लक्ष नव्हतं.

एका पहाटे बाबा गेले. आमचे विधी करणारे जंगम महाराज घरी आले. त्यांना आणि शेजाऱ्यांना बाबांना बसवून, सजवून, बैलगाडीनं गावाकडे आणायला सांगितलं आणि मी सायकलवर पुढं निघालो, जागा मिळवायला. वाटभर मी भांडणाची तयारी केली. वावर आता थोरल्या चुलतभावाकडे होतं; तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, मग लग्नातली पंगत कशी काढायची, सगळं पाठ केलं. शेवटी त्याच्या तोंडून "काका आमच्या घरचा मानूस हाय" एवढं वदवून घ्यायचं असं ठरवलं होतं.

चुलतभाऊ दारात दात घासत होता. ऐकल्यावर त्यानं काडी टाकली, खाली बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पंजोबाच्या बाजूले जागा मोकळी हाय. तिथं बसवू काकाले. मी आत्ताच खोदाले मानसं पाठवतो."

माझं पाठ केलेलं सगळं भाषण फुकट गेलं. पहिल्याच शब्दाला समोरचा हो म्हणाला की मला घाम फुटतो. कापसाच्या बाजारात असं झालं तर मी आधी गाठोडं फोडून आत काय भरलंय ते पाहतो. इतक्या वर्षांत पंजोबाशेजारची जागा मोकळी कशी राहिली? पावसाचं पाणी शिरत असेल. नाहीतर दुसरी काही खोड असेल.

"ती नाई पाह्यजे," मी म्हणालो. "बेलाच्या वरची पाह्यजे."

"वरची? अरे, तिथं कोनालेच..."

"कोनालेच नाई बसवलं. माहीत हाय मले. स्वतासाठी ठेवली असन ना, दादा?"

"माह्यासाठी? बापा, ऐक तं खरं, तिथं खाली..."

"खाली बसून बसून जनम गेला माह्या बापाचा! आता वरच बसन तो."

चुलतभावाचं डोकंही माझ्याच घराण्यातलं. तो उठला. "घे. घे वरची. जा, बस डोक्यावर आमच्या!"

मी जिंकलो होतो. खोदणाऱ्यांच्या पुढं चालत मी स्वतः जागा दाखवली.

गुडघाभर माती निघाली, थोडा मुरूम निघाला आणि मग टिकास खणकन वाजलं. बाजूला सरकून खोदलं, तिथंही तेच. काळा खडक, सलग. सब्बल मारली की ठिणगी उडे आणि सब्बल परत येई. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीखाली जायला छातीभर तरी खड्डा लागतो. खडकाला हे सांगून काही उपयोग नव्हता, तरी मी सांगितलं, शिव्यांसकट. खोदणारा म्हणाला, "मालक, याच्यासंगं भाव होत नाई."

खालून टाळांचा आवाज येऊ लागला. गाडी आली. मागं आई पायी चालत होती. बाबा गाडीत बसलेले, कपाळाला भस्म, गळ्यात झेंडूचा हार, कोणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे.

चुलतभाऊ बेलाखाली उभा होता. मी उतरून त्याच्याजवळ गेलो. सरळ विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "बरं, खालची घेतो मी. पन माती टाकायचं काम तुह्याकडे."

"आता नाई," तो म्हणाला. "ती माही जागा व्हय. माही स्वताची. सकाळी काकाले देऊन राह्यलो होतो. आता तिथं मीच बसन."

"मंग सांगाले काय झालं होतं, वरती खडक हाय म्हून?"

"सांगू देल्लं काय तू? पंजोबानं सारा उतार सब्बलीनं ठोकून पाह्यला होता. खालीच माती हाय म्हून सारे खाली बसले. आमी काय येडे हावो?"

माघार घ्यायला दोघांपैकी एक पुरला असता. शेवटी महाराजच वैतागले. म्हणाले, "जेवढं गेलं तेवढं जाऊ द्या खाली, बाकी वरून बांधून घ्या. दिवस राह्यला नाही."

बाबांना त्या अर्ध्या खड्ड्यात बसवलं. महाराजांचे मंत्र झाले, बेलाची पानं वाहिली. मग धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे गोटे आणून चारी बाजूंनी रचले आणि आत माती भरली. गोटे आणणाऱ्यांत चुलतभाऊ पहिला होता, माझ्याकडे न बघता आणत होता. दिवस मावळेपर्यंत माणसाच्या कमरेच्या वर ढीग झाला. महिन्याभरानं मी त्याला विटांनी बांधून चुना लावला. नाहीतर पहिल्या पावसात बाबा उघडे पडले असते.

आणि तिथून माझी कीर्ती सुरू झाली. घरजावई बापाला यानं मूळ पुरुषाच्या डोक्यावर बसवला, ही बातमी नेरच्या बाजारात गेली. "याच्यासंगं सौदा जपून करजा," असं लोक एकमेकांना सांगू लागले. मी मूर्खपणा केला होता, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. मीही सांगितलं नाही. अशा समजावर दलाल वर्षानुवर्षं जेवतो. आईला मात्र ते सहन होत नव्हतं. "खाटेवर कोनी मोठा बसला तं हे खाली बसत," ती म्हणे. "आता रोज आज्याच्या डोक्यावर बसून असतीन. काय वाटत असन त्यांले!"

वर्षश्राद्धाला मी तिला घेऊन गेलो तर चुलतभाऊ गवंड्याबरोबर पंजोबाच्या समाधीवर विटा चढवत होता. हातात थापी, अंगावर चुना.

"हे काय चालवलं?"

"पंजोबाले उंच करून राह्यलो. खालच्या सडकेवरून तुह्या बापाचंच शिखर दिसते."

"माह्या बापाची उंची खुपते म्हना डोयात."

"खुपन तं!" तो थापी उगारून ओरडला. "तो काय तुह्या एकट्याचा बाप व्हय? माहा काका हाय! आमच्या घरचा मानूस आपल्या आज्याच्या डोक्यावर बसला, असं गावानं म्हनाव काय?"

जे वदवून घ्यायला मी सायकलवर घसा कोरडा केला होता, ते हा माणूस मला मारायला थापी उगारून फुकट देत होता. गवंडी काम थांबवून आमच्याकडे पाहू लागला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मंग विटा माह्या," मी म्हणालो.

"तुह्या विटा नको."

"अर्ध्या."

"पाव."

"अर्ध्या. नाईतं मी बाबाले अजून एक थर चढवतो."

त्यानं थापी खाली केली. अर्ध्यावर ठरलं. माझ्या विटा यायला दुपार झाली आणि मी त्यातल्या दोन कच्च्या निघाल्या म्हणून गाडीवाल्याशी भांडलो. संध्याकाळपर्यंत पंजोबा बाबांच्या एक वीट वर गेला. आईनं दोघांवर बेल वाहिला. आधी पंजोबाला, मग बाबांना.

परत येताना तिनं सडकेवरून एकदा मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "आता बसले असतीन निवांत."