जयमालाने शिकवलेला कॉम्प्युटर

जयमाला राऊत आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. वडील डहाणू रोड स्टेशनात पॉइंट्समन होते. ते निवृत्त झाले तेव्हा रेल्वेचं क्वार्टर सोडून ही माणसं आमच्या इमारतीत भाड्याने आली. जयमाला बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिलेल्या. तलासरीच्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात तिला टायपिस्टची नोकरी लागली. डोंगराकडच्या गावांत या संस्थेच्या आश्रमशाळा होत्या. सकाळी डबा घेऊन ती चारोटीवरून जाणारी एस.टी. पकडायची आणि दिवेलागणीला परत यायची.

नोकरी तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे काय, हे मला तिच्याकडून कळलं. एप्रिल संपताना संस्था तात्पुरत्या नोकरांना पत्र देई, की आपली सेवा उद्यापासून संपुष्टात येत आहे. जूनमध्ये त्याच माणसांना पुन्हा नेमणुकीचं पत्र मिळे. ऑफिसात याला ‘खंड’ म्हणत. मध्ये खंड पडला की मागची वर्षं सलग धरत नाहीत, आणि सलग वर्षं नसली की माणूस कायम होत नाही. खंडाची ही पत्रं टाईप करायची जयमालाच. स्वतःचंसुद्धा.

“काही वाटत नाही का गं तुला?” मी एकदा विचारलं.

“माझं मी सगळ्यांत शेवटी घेते, वहिनी. तोवर हात गरम झालेला असतो.”

पत्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची पद्धत असते. जयमाला ‘ज.रा.’ टाकायची. संस्थेचे कार्यवाह, ज्यांना सगळे भाईसाहेब म्हणत, ते पत्र कधी वाचत नसत. पुढ्यात गठ्ठा आला की कोपरा बघायचे आणि सही ठोकायचे. “खाली जयाबेन आहे ना, मग मी वाचल्यासारखंच,” असं म्हणायचे. हे वाक्य तिने मला बऱ्याचदा सांगितलं होतं, आणि सांगताना प्रत्येक वेळी तिचा चेहरा उजळायचा. कायम होण्याच्या वाटेवरची ती एक पायरी आहे असं तिला वाटायचं.

चौऱ्याण्णव साली संस्थेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी पडदे लावलेली वेगळी खोली, बाहेर चपला काढायच्या, वर प्लास्टिकचं कव्हर. वापीच्या विक्रेत्याने त्यात एक साधा प्रोग्राम टाकून दिला होता. बटण दाबलं की आधी भरून ठेवलेला मजकूर पडद्यावर आपोआप टाईप होत जायचा. बस्स, एवढंच. नाव बदलायचं तर खोडून पुन्हा हाताने लिहा, तारीख बदलायची तर तेच.

“जयाबेन, हे शिकून घे,” भाईसाहेब म्हणाले. “हे नीट चालू लागलं की तुझी कायमची ऑर्डर काढतो.”

तिने शिकून घेतलं. विक्रेत्याने ठेवलेलं इंग्रजी पुस्तक ती घरी आणायची आणि अडलं की माझ्याकडे यायची. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इंग्रजी वाक्य फोडून सांगता यायचं. मग ती एकदम “हां हां!” म्हणून जिन्यावरून खाली पळायची. प्रोग्रामच्या ओळी उघडून तिने त्यात भर घालायला सुरुवात केली. तारीख आपोआप पडू लागली. मग नाव आणि गाव विचारून ते योग्य जागी बसवायची सोय झाली. मग नावांची यादी एकदा भरली की तेच पत्र प्रत्येकाच्या नावाने एकामागून एक निघायला लागलं. प्रत्येक पत्राखाली ‘ज.रा.’ यायचं, तेही आता आपोआप.

एकदा तलासरीला माझं काम होतं म्हणून मी तिच्या ऑफिसात डोकावले. प्रिंटर किरकिरत होता, कागदाची लांब पट्टी जमिनीवर घडी घालत होती. हेडक्लार्क काशीनाथ दारात उभे राहून बघत होते.

“ताई, तुमचं यंत्र चहा करेल का हो?”

“करेल की. दूध तेवढं तुम्ही आणा.”

“म्हणजे काम माझंच!” ते हसले. मग भाईसाहेबांच्या केबिनकडे नजर टाकून हळूच म्हणाले, “ताई, एक सांगू? तुमच्यावाचून चालेल असं काही त्यात घालू नका.”

पण भाईसाहेबांनी नेमकं तेच मागितलं होतं. तू आजारी पडलीस तर संस्थेने काय करायचं? टायपिंग न येणाऱ्यालाही चालवता आलं पाहिजे. एवढं एक कर, मग ऑर्डर.

तिने केलं. पडद्यावर पत्रांची यादी यायची, प्रत्येकापुढे नंबर. नंबर दाबा, कोणाला पाठवायचं ते निवडा, पत्रं तयार. “सोनूच्या शाळेतल्या पोरांनाही जमेल,” असं ती मला म्हणाली. सोनू माझी धाकटी, तेव्हा तिसरीत होती.

त्या एप्रिलमध्ये खंडाची पत्रं प्रोग्रामनेच काढली. यादी अक्षरांच्या क्रमाने होती, त्यामुळे जयमालाचं नाव शेवटी न येता मध्येच आलं. प्रिंटरचा आवाज काही बदलला नाही.

जूनमध्ये नेमणुकीचं पत्र आलं नाही. आठवडाभर वाट बघून ती तलासरीला गेली. तिच्या खुर्चीत भाईसाहेबांची पुतणी सोनल बसली होती. बारावी नुकतीच झालेली, स्वभावाने गरीब. उभी राहून म्हणाली, “ताई, किती सोप्पं करून ठेवलंय तुम्ही!”

जयमाला घरी आली ती सरळ वर माझ्याकडे. रडली वगैरे नाही. मी पुढे केलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, “वहिनी, मला तिचा रागसुद्धा येईना हो. आभारच मानत होती.”

दिवाळीच्या आधी एका सकाळी हिरीबाई आमच्या जिन्याशी येऊन उभी राहिली. हिरी आश्रमशाळेत स्वयंपाकीण. आठवड्याच्या बाजाराला तलासरीला जायची, तेव्हा वाटेत एस.टी.त चढून जयमालाच्या शेजारी बसायची. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“बाय, तू मला काढलंस?”

जयमालाने कागद उघडला. आपली सेवा उद्यापासून संपुष्टात येत आहे. खाली भाईसाहेबांची सही. कोपऱ्यात ज.रा.

“मास्तर बोलला, हे जयमालाबायनं लिवलंय. मी तुझं काय वाईट केलं?”

“मी तिथे नाहीच आता, हिरीबाई. मलाही काढलंय.”

हिरीने कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मास्तरने जागा दाखवली होती. “मंग हे कोण?”

काय झालं असेल ते जयमालाच्या तिथेच लक्षात आलं. दिवाळीच्या सुट्टीची सूचना पाठवायची होती, सोनलने शेजारचा नंबर दाबला होता. साऱ्या स्वयंपाकिणींना खंडाची पत्रं गेली होती. भाईसाहेबांनी कोपरा बघितला आणि सही केली, जशी ते नेहमी करत. आणि या बायकांना तर आजवर कधीच खंड दिला नव्हता, कारण मे महिन्यातही वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी चूल पेटती ठेवावी लागे. त्यांची सलग वर्षं भरत आली होती. येत्या मार्चनंतर त्या कायम व्हायच्या होत्या.

आम्ही तिघी तलासरीला गेलो. हिरी ऑफिसच्या पायरीवरच बसली, काही केल्या आत येईना. भाईसाहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

“चूक झाली. पोरगी नवीन आहे,” ते म्हणाले. “जयाबेन, तूच निस्तर.”

“पत्रं रद्द केल्याचा मजकूर घालते. सगळ्यांना जाईल, अर्ध्या तासाचं काम आहे.”

“रद्द कशाला?” भाईसाहेबांनी बशीत चहा ओतला. “खंड पडलाच आहे तर पडू दे. नवीन नेमणुकीचं पत्र दे. बायका कामावर येतील, त्यांचं काही जात नाही.”

“त्यांची वर्षं जातात.”

“त्यांना कुठे मोजता येतात?”

काशीनाथ फायलीत डोकं घालून बसले होते. पुढचं भाईसाहेब अगदी मायेने बोलले. “आणि बेटा, तुझीही ऑर्डर काढू. आजच. कायमची. चूक सोनलची, पण पत्रावर नाव तुझं आहे. तूच नेमणुका काढल्यास तर सगळं एकाच हातचं राहील.”

जयमाला उठली. चपला काढून आतल्या खोलीत गेली, सोनलला बाजूला केलं आणि कीबोर्डपुढे बसली. मला वाटलं, केलं हिने. घरी निवृत्त बाप, लग्नाची धाकटी बहीण. केलं असतं तरी मी काही बोलले नसते. ती बरंच काहीतरी दाबत राहिली आणि मग बाहेर आली.

“माझी अक्षरं काढून टाकलीत,” ती म्हणाली. “आता प्रत्येक पत्राआधी प्रोग्राम ‘नक्की का?’ असं विचारेल. नेमणुकीचा मजकूर मी घालणार नाही.”

भाईसाहेबांना राग आला नाही. “बरं,” म्हणाले, आणि सोनलला हाक मारली. “नेमणुकीचं पत्र कुठल्या नंबरला आहे गं?”

“सहा, काका.”

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा आतून प्रिंटरचा आवाज सुरू झाला. जूनमध्ये दरवर्षी जाणारं पत्र त्यात आधीपासून होतंच. ते घालायला जयमाला लागणारच नव्हती. हे तिला आत असताना सुचलं होतं की नाही, मी विचारलं नाही. एस.टी. येईपर्यंत ती हिरीशी धड बोललीसुद्धा नाही.

दिवाळी झाल्यावर हिरी पुन्हा आली. डोक्यावर पाटी, पाटीत काकड्या आणि नव्या तांदळाचं पुडकं. जिन्यातच ओरडली, “बाय, कामाला घेतलं! तू सांगलंस म्हनून घेतलं!”

जयमालाने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. खंड म्हणजे काय, मागची वर्षं कशी गेली, मार्चमध्ये आता काहीच होणार नाही. हिरी ऐकत होती. मध्ये एकदा तिने माझ्याकडे पाहिलं, हे खरं का म्हणून. मी मान हलवली.

“तू असतीस तं असं झालं नसतं,” ती म्हणाली.

“मी होते तेव्हाच केलं मी ते, हिरीबाई. ते यंत्र माझंच.”

हिरीला ते समजलं की नाही, सांगता येत नाही. तिने पाटीतल्या काकड्या जमिनीवर मांडल्या, तांदूळ ठेवला आणि रिकामी पाटी काखेत मारून उठली. जयमालाने “अगं, हे ने परत” म्हटलं, पण ती तोवर रस्त्याला लागली होती. ते तांदूळ जयमालाच्या घरी कितीतरी दिवस तसेच पडून होते. शेवटी तिची आई वर येऊन मला देऊन गेली.