पुष्पाबाईचा राग आणि कोकिळाचे पापड

धरणगावच्या आमच्या गल्लीत पापडाचा दिवस पंचांग बघून धरत नसत. पुष्पाबाईचं तोंड बघून धरत. तिचं सासूशी कडाक्याचं भांडण झालं रे झालं, की समोरची ताईबाई उडदाचं पीठ भिजवायला बसलीच म्हणून समजा. उडदाचं पीठ नुसतं मळून भागत नाही हो. ते दगडासारखं घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावायचा आणि मुसळानं तासभर कुटायचं. कुटण्यात कसर राहिली की पापड लाटताना फाटतो आणि तळला की चामडं होतो. आणि रागावलेल्या पुष्पाबाईसारखं कुटणारं माणूस पार भुसावळपर्यंत शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

मी लताबाई, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. खोटं कशाला सांगू, पापड करायचे असले आणि तिच्या घरात शांतता असली, तर आम्ही भांडण लावून द्यायचो. मी तिच्या सासूबाईंना, म्हणजे झुंबरबाईंना, हाक मारायची, "काय आत्याबाई, आज भाजीत मीठ जास्त पडलं म्हणे?" बस्स. झुंबरबाईंचं वय पंच्याहत्तर, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. अर्ध्या तासात पुष्पाबाई धाडकन दार आपटून बाहेर यायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "कुठंय ते पीठ?" गल्लीतल्या अकरा पोरींच्या लग्नाचे पापड तिनं असे कुटले. पापड दुधासारखे पांढरे आणि ती लालबुंद.

मग एक्क्याण्णव साली माझ्या लेकीचं, कोकिळाचं, लग्न पारोळ्याला ठरलं आणि नेमकं त्याच महिन्यात पुष्पाबाईला घेरी आली. तिचे यजमान, कापसाच्या जिनिंगमधले झुलालभाऊ, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि त्यांचाच चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, रक्तदाब भयंकर आहे. आता राग आला तर लकवा मारेल. मीठ कमी, चालणं जास्त आणि टेन्शन अजिबात घ्यायचं नाही."

झालं! "टेन्शन घेऊ नको" हे सांगायला एवढी माणसं घरी येऊ लागली, की त्यांच्या चहापायी बिचारीला उसंत मिळेना. आलेला प्रत्येक जण आपल्या नात्यातल्या लकवा मारलेल्या एकेका माणसाची गोष्ट सांगून जायचा आणि उठताना म्हणायचा, "पण तुम्ही काळजी करू नका."

पण पुष्पाबाई जिद्दीची. शाळेच्या मैदानावर दहा दिवसांचं योगासनांचं शिबिर लागलं होतं, तिथं जाऊ लागली. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं, राग आला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मोठा श्वास घ्यायचा आणि दुपारी शवासन करायचं. ही पहिल्याच दुपारी ओसरीत शवासनाला आडवी झाली आणि गाढ झोपली. झुंबरबाई बाहेर आल्या. सून हातपाय पसरून निपचित पडलेली, हाक मारली तर ओ नाही. त्यांनी असा हंबरडा फोडला की मी हातातली पोळी तव्यावर टाकून धावले. "गेली वं माय! मन्ही सून गेली! लाखात एक होती!" कोणीतरी तुळशीचं पान आणलं, ताईबाईनं तोंडात गंगेचं पाणी सोडलं. ते नेमकं नाकात गेलं. पुष्पाबाई फुर्रकन उठून बसली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, थांबलात का? बोला ना आणखी."

झुंबरबाईंनी त्यानंतर आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. तिचा रक्तदाब त्या आठ दिवसांतच निम्मा उतरला असं माझं मत आहे.

इकडे माझी मात्र झोप उडाली. चैत्र संपत आला, लग्न पंधरा दिवसांवर. पारोळ्याच्या विहीणबाईंनी पोरगी बघायला आल्या दिवशीच ऐकवलं होतं, "पापड तुमच्या गल्लीचेच हवेत." मी पीठ भिजवलं, बायका आपापले पोळपाट-लाटणी घेऊन माझ्या ओसरीवर जमल्या. पुष्पाबाईही आली, हसत. मुसळ हातात घेतलं आणि देवाला फूल वाहावं तसं अलगद पिठावर टेकवलं. श्वास घेतला. पुन्हा टेकवलं.

"अगं, कूट ना!" ताईबाई म्हणाली.

"कुटतेय की. शांतपणे."

पहिला पापड लाटला, फाटला. दुसरा फाटला. ताईबाईनं मला डोळा मारला आणि कामाला लागली, "झुलालभाऊ सांगत होते, तुझ्या हाताला पूर्वीची चव नाही राहिली." पुष्पाबाईचे ओठ हलले, आकडे मोजून झाले, मग म्हणाली, "त्यांची जीभच गेली असेल, तंबाखूनं." मी म्हटलं, "मागच्या साली तुझे पापड आमच्या पाव्हण्यांनी म्हशीला घातले." तिनं पुन्हा दहा मोजले. "म्हशीला आवडले ना?"

तिसरा पापड फाटला. माझं डोकं फिरलं. मी स्वतःला शहाणी समजते, पण त्या वेळी माझ्या तोंडून जे गेलं त्याला शहाणपण म्हणत नाहीत. मी म्हटलं, "तुझं काय जातंय? तुझ्या पोटाला पोर असती तर कळलं असतं तुला, लग्नाघरचे पापड काय असतात ते."

सगळी लाटणी थांबली.

एकवीस वर्षं झुंबरबाई हेच तर ऐकवत होत्या तिला. भाजीतल्या मिठाचं भांडण शेवटी तिथंच येऊन थांबायचं आणि ती मुसळ उचलायची. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. ठाऊक असून आम्ही पीठ भिजवत होतो. आणि माझी कोकिळा? मी बाळंतपणात आजारी पडले तेव्हा दोन महिन्यांची पोर हिच्या मांडीवर होती. दहावीपर्यंत पोरीची वेणी हिनंच घातली.

पुष्पाबाईचा चेहरा लाल झाला, मग काळवंडला. लकवा! आता हिचं काही झालं तर? मी ओरडले, "पुष्पा, मोज! मोज गं! एक म्हण, दोन म्हण!" ती मोजेना. मग मीच मोठ्यानं मोजायला लागले, माझ्यामागे ताईबाई, मग सगळ्या जणी. दहा झाले, वीस झाले, ओसरीवर जणू पाढ्यांची शाळा भरली. एक्केचाळीसला तिनं श्वास सोडला. मुसळ माझ्या हातात दिलं.

"कूट, आता तू कूट," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "कोकिळा मन्ही नही का वं?"

तिची नाही तर कोणाची होती! मी कुटायला लागले. असं कुटलं, असं कुटलं, की हाताला फोड आले. राग कोणाचा होता ते सांगायला नको. दीड तासानं पुष्पाबाईनं बोटानं पीठ दाबून बघितलं आणि म्हणाली, "पुरे." एकही पापड फाटला नाही.

त्याच संध्याकाळी मी घरात सांगून टाकलं की कन्यादानाला आपण बसायचं नाही, पुष्पाबाई आणि झुलालभाऊ बसतील. आमचे हे थयथय नाचले. "पोरीचा बाप जिवंत असताना?" मी म्हटलं, "जिवंत आहात म्हणूनच विचारतेय, नाहीतर विचारलंही नसतं." कोकिळा मध्ये पडली तेव्हा गप्प झाले. मी डॉक्टरांनाही विचारून आले. ते म्हणाले, "आनंदानं काही होत नाही, फक्त उन्हात बसवू नका."

लग्नाच्या दिवशी पाटावर पुष्पाबाई आणि झुलालभाऊ बसले. मंडपात कुजबुज सुरू झाली तशी मागून झुंबरबाई कडाडल्या, "काय बघता? मन्ही सून शे ती!" पुष्पाबाईनं कोकिळाचा हात हातात घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून मागून वाकले आणि विचारलं, "घेरी येतेय का गं? पाणी देऊ?"

"गप बैस," ती म्हणाली. "पोर देताना आईला रडूसुद्धा देऊ नको तू."