अख्खा कोयता

संग्रहालयाच्या काचेमागे दोन पाती शेजारी-शेजारी मांडली होती. एक बारोंग, म्हणजे फिलिपाईन्सच्या तौसुग लोकांचं लढाईचं शस्त्र. पातं पानाच्या आकाराचं, रुंद. लाकडी मूठ हाताळून गुळगुळीत झालेली. दुसरा युसूफ वडगावच्या भिमाबाईचा ऊसतोडीचा कोयता. तो बघायलाच ती लेकीला घेऊन एसटीने आली होती.

आधी तिने त्या परक्या शस्त्राची चौकशी केली. ते कुणाचं, असं विचारल्यावर संग्रहालयाचे मोहनराव म्हणाले, नाव कुणी टिपून ठेवलं नाही. भिमाबाई हळहळली. मूठ झिजवणाऱ्याला नाव नसावं, हे तिला मुळीच पटलं नाही.

मग लेक सरूबाईने आईच्या कोयत्याची पाटी वाचली. 'अर्धा कोयता. ऊसतोड मजूर भिमाबाई.' आणि भिमाबाईचं डोकं फिरलं.

मोहनरावांचा हेतू वाईट नव्हता. ऊसतोडीच्या टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे त्यांनी गावातूनच टिपून घेतलं होतं, आणि त्यांना ते फार हृदयस्पर्शी वाटलं होतं. शिकलेल्या माणसांना असं वाटतंच.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा निवृत्ती खडी फोडता फोडता गेला. पदरात सरू. भिमाबाई टोळीबरोबर सहकारी कारखान्याच्या उसावर गेली, तर मुकादम गहिनीनाथ म्हणाला, अर्ध्या कोयत्याला तोडायला उसाचा फड मिळायचा नाही. ती म्हणाली, संध्याकाळी मोळ्या बघा. तिनेच तोडलं, तिनेच बांधलं, तिनेच वाहिलं. गाडी भरायच्या वेळी तिच्या मोळ्या कुठल्याही जोडीच्या बरोबरीला होत्या. गहिनीनाथने तोंडात बोटं घातली, पण 'अर्धा' म्हणायचं काही सोडलं नाही. एकोणीस हंगाम तिने ते ऐकून घेतलं, कारण लेकीला मास्तरीण करायचं होतं. सरूबाई मास्तरीण झालीही.

आता ऐकून घ्यायला कारण उरलं नव्हतं.

"साहेब, ही पाटी काढा," ती म्हणाली. "टोळीत मी लई वर्सं गप बसले. हितं न्हाई बसायची."

मोहनराव गडबडले. पण टोळीत तसंच म्हणतात ना मावशी, असं काहीसं पुटपुटले.

भिमाबाईने काचेवर बोट टेकवलं. "ह्यात अर्धं काय हाय, तेवढं दावा मला."

मोहनरावांनी काच उघडून जुनी पाटी बाहेर काढली. माणूस प्रामाणिक, त्यांनी तिथल्या तिथे कोरा कागद घेतला आणि विचारून विचारून नवी पाटी लिहिली. सरूबाईने ती वाचली. 'भिमाबाई निवृत्ती, युसूफ वडगाव. कोयता एक.'

"मोठ्यानं वाच," भिमाबाई म्हणाली. "समद्यांला ऐकू जाऊ दे."